वाळवलेल्या मांसाचे पोषणमूल्य कसे तपासावे: जर्की, बिल्टाँग आणि मीट स्टिक यांचा सविस्तर हिशेब

अमेरिकेतील पेट्रोल पंपावरच्या दुकानात, दक्षिण आफ्रिकेतील खाटकाकडे, लंडनमधील सुपरमार्केटमध्ये आणि आता आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांतही वाळवलेल्या मांसाची छोटी पाकिटे सर्रास मिळतात. मुरवून वाळवलेल्या मांसाची जर्की, दक्षिण आफ्रिकेतले न शिजवता वाळवलेले बिल्टाँग आणि कांडीच्या आकाराची मीट स्टिक हे त्यांतले मुख्य प्रकार. व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले, परदेशी वसतिगृहात राहणारे विद्यार्थी आणि सह्याद्रीत भटकणारे ट्रेकर ‘प्रथिनांचा सोपा स्रोत’ म्हणून ती विकत घेतात. पाकिटावर ठळक अक्षरांत प्रथिनांचा आकडा छापलेला असतो आणि तो खोटा नसतो. मात्र त्या एकाच आकड्यावरून खाद्यपदार्थाची पारख होत नाही. प्रथिनांसोबत मीठ किती येते, साखर किती येते, चरबी किती उरली आहे आणि हे मांस कोणत्या प्रक्रियेतून गेले आहे, हे पाहिल्यावरच ते पाकीट घ्यावे की दुकानातच ठेवावे याचा निर्णय करता येतो. ही तपासणी कोणालाही दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत करता यावी, या हेतूने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: पाण्याचा हिशेब समजून घ्या

चरबी काढलेल्या ताज्या मांसात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी आणि २० ते २२ टक्के प्रथिने असतात. मांस वाळवताना पाणी निघून जाते आणि प्रथिने, खनिजे व चरबी मागे राहते. म्हणून ज्या मांसात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिने होती, त्यातच वाळल्यावर शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमपर्यंत प्रथिने दिसू लागतात. या वाढीत नवे पोषण काहीच निर्माण झालेले नसते. सुमारे सव्वादोन किलो मांसातील प्रथिने एका किलोत एकवटलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ होतो.

वाळवलेले मांस टिकते तेही पाणी कमी झाल्यामुळेच, कारण जिवाणूंना आणि बुरशीला वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी त्यात उरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निकषानुसार ‘जर्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मांसात पाण्याचे प्रथिनांशी प्रमाण ०.७५ ला १ किंवा त्याहून कमी असावे लागते. त्यामुळे एखाद्या पाकिटातील तुकडे फार मऊ आणि ओलसर लागत असतील, तर तो मऊपणा बहुधा साखर, मध किंवा ग्लिसरीन यांसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांमुळे आलेला असतो. अशा वेळी घटकांची यादी अधिक बारकाईने वाचावी.

दुसरी पायरी: सगळे आकडे १०० ग्रॅमच्या मापात आणा

वेगवेगळ्या देशांतील पाकिटांवर पोषणाची माहिती वेगवेगळ्या पद्धतीने छापलेली असते आणि तुलना चुकते ती बहुतेक वेळा येथेच. अमेरिकी पाकिटावर आकडे ‘सर्व्हिंग’प्रमाणे, म्हणजे एका वेळच्या वाढीप्रमाणे दिलेले असतात. जर्कीसाठी हे माप बहुधा एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम असते, तर पूर्ण पाकिटात अशी दोन किंवा तीन मापे असतात. ब्रिटन आणि युरोपात १०० ग्रॅममागील आकडे देणे बंधनकारक आहे, परंतु तेथे सोडियमऐवजी थेट मिठाचे प्रमाण ग्रॅममध्ये छापतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दोन्ही मापे मिळतात, पण ऊर्जा किलोज्यूलमध्ये असते आणि तिला ४.१८ ने भागले की किलोकॅलरी मिळतात. भारतीय पाकिटांवर १०० ग्रॅममागील आकडे, एका वाढीचे रोजच्या गरजेशी असलेले टक्केवारीतील प्रमाण आणि सोडियम मिलिग्रॅममध्ये, अशी मांडणी असते.

लक्षात ठेवण्याजोगी दोनच सूत्रे आहेत. सर्व्हिंगचा आकडा सर्व्हिंगच्या ग्रॅमने भागून १०० ने गुणला की १०० ग्रॅममागील आकडा मिळतो. सोडियमला २.५ ने गुणले की मीठ मिळते, म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. टक्केवारीच्या रकान्यावर मात्र विसंबू नये. अमेरिकेत सोडियमची टक्केवारी २,३०० मिलिग्रॅम धरून काढतात, तर भारतात २,००० मिलिग्रॅम धरून. त्यामुळे ५७५ मिलिग्रॅम सोडियम अमेरिकी पाकिटावर २५ टक्के दिसते आणि भारतीय पाकिटावर तेच २९ टक्के दिसते.

तिसरी पायरी: प्रथिने किती, याऐवजी किती ऊर्जेमागे किती, हे पाहा

एक ग्रॅम प्रथिनांतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणून प्रथिनांच्या आकड्याला ४ ने गुणून एकूण किलोकॅलरींनी भागले, की त्या पदार्थातील किती ऊर्जा खरोखर प्रथिनांतून येते ते समजते. एकाच फडताळावर शेजारी शेजारी ठेवलेले तीन पदार्थ या एका भागाकाराने वेगळे ओळखू येतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात बारीक करून पुन्हा आकार दिलेल्या बीफ जर्कीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४१० किलोकॅलरी, ३३ ग्रॅम प्रथिने, २५ ग्रॅमहून थोडी अधिक चरबी आणि ११ ग्रॅम कर्बोदके नोंदवलेली आहेत. म्हणजे तिच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा प्रथिनांचा आहे. त्याच तक्त्यातील धुरावलेल्या बीफ स्टिकमध्ये सुमारे ५५० किलोकॅलरी, २१.५ ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ ५० ग्रॅम चरबी आहे. येथे प्रथिनांचा वाटा १६ टक्क्यांवर येतो. याचा अर्थ ही कांडी प्रथिनांपेक्षा चरबीचाच पदार्थ आहे. याउलट अख्ख्या मांसाचे चरबीरहित काप करून वाळवलेल्या जर्कीच्या २८ ग्रॅमला बऱ्याच पाकिटांवर ८० किलोकॅलरी आणि १० ते १२ ग्रॅम प्रथिने असे आकडे दिसतात आणि तिथे प्रथिनांचा वाटा निम्म्याच्या पुढे जातो. दक्षिण आफ्रिकेतील बिल्टाँगमध्ये चरबी काढलेले मांस वापरले असेल तर १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि ऊर्जेतील त्यांचा वाटा आणखी मोठा असतो.

माझ्या मते ज्या पाकिटात हा वाटा ४० टक्क्यांच्या खाली आहे, ते ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणून घेऊ नये. चवीसाठी घ्यायचे असेल तर गोष्ट वेगळी.

या प्रथिनांची प्रत चांगली असते यात शंका नाही. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यांत आहेत आणि डाळीत कमी असलेले मेथिओनिन तसेच धान्यात कमी असलेले लायसिन या दोन्हींचा पुरवठा त्यांतून होतो. मात्र मांसाला साखर किंवा मध चोळून ते उष्णतेवर वाळवले, तर लायसिनचा काही भाग साखरेशी संयोग पावतो आणि शरीराला उपलब्ध होत नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास याच क्रियेतून येतो. हे नुकसान फार मोठे नसते, तरी दोन पाकिटांपैकी एक निवडताना साध्या मीठ-मिऱ्याच्या पाकिटाच्या बाजूने ते एक कारण ठरते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. चांगल्या जर्कीचे २८ ग्रॅम त्यात १० ते १२ ग्रॅमची भर घालतात आणि दोन अंड्यांतूनही जवळपास तितकीच प्रथिने मिळतात. फरक पडतो तो पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: दर दहा ग्रॅम प्रथिनांमागे किती सोडियम, ते मोजा

संपूर्ण तपासणीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. मांस वाळवताना मीठ दोन कामे करते. ते मांसातील पाणी बाहेर ओढते आणि उरलेले पाणी जिवाणूंना वापरता येऊ देत नाही. त्यामुळे मिठाशिवाय टिकाऊ जर्की बनवणे अवघड आहे. शिवाय मुरवण्याच्या मसाल्यात सोया सॉस असेल तर त्याच्या एका मोठ्या चमच्यातूनच सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम येते. मोनोसोडियम ग्लुटामेट आणि सोडियम नायट्राइट हे घटकही आपापला वाटा घालतात, पण मिठापुढे तो लहान असतो.

वर सांगितलेल्या बीफ जर्कीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १,८०० ते २,२०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे ५ ग्रॅम मिठापेक्षा कमी, अशी आहे. ८५ ग्रॅमचे एक पाकीट गप्पांच्या ओघात सहज संपते आणि त्यातूनच १,५०० ते १,८७० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. त्या दिवशीची भाजी, आमटी, लोणचे आणि पापड अजून शिल्लकच असतात. ब्रिटनमधील रंगांच्या लेबलपद्धतीत १०० ग्रॅममागे दीड ग्रॅमहून अधिक मीठ असलेल्या पदार्थाला लाल रंग मिळतो, तर या जर्कीत साडेचार ते साडेपाच ग्रॅम मीठ असते.

प्रथिने आणि सोडियम यांची सांगड घालण्यासाठी पाकिटावरील सोडियमला प्रथिनांनी भागून दहाने गुणावे. ताज्या मांसात दर दहा ग्रॅम प्रथिनांमागे सुमारे ३० मिलिग्रॅम नैसर्गिक सोडियम असते. अंड्यात ते १०० ते १२० च्या आसपास असते. बारीक करून बनवलेल्या जर्कीत तेच ५४० ते ६६० वर पोहोचते आणि बीफ स्टिकमध्ये सोडियमचा आकडा वरवर कमी दिसला, तरी प्रथिने कमी असल्यामुळे हे गुणोत्तर ७०० च्या घरात जाते. मी स्वतः ४०० च्या खालचे पाकीट चांगले मानतो, ४०० ते ६०० मधले अधूनमधून घेण्याजोगे मानतो आणि त्यावरचे घेत नाही. या मर्यादा कोणत्याही संस्थेने ठरवलेल्या नाहीत, पण पाकिटांची तुलना करताना त्या उपयोगी पडतात.

‘सोडियम कमी’ असे लिहिलेले पाकीट हाती आले तरी हाच भागाकार करावा, कारण ‘कमी’ हा शब्द बहुधा त्याच कंपनीच्या नेहमीच्या पाकिटाशी तुलना करून वापरलेला असतो. सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड वापरले असेल, तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये.

पाचवी पायरी: साखर आणि चरबी

साध्या मांसात कर्बोदके जवळजवळ शून्य असतात. त्यामुळे पाकिटावर दिसणारी साखर ही सगळीच वरून घातलेली असते. तेरियाकी, बार्बेक्यू आणि मध यांच्या चवीच्या प्रकारांत २८ ग्रॅममागे ५ ते ६ ग्रॅम साखर सर्रास आढळते, म्हणजे चहाचा एक चमचा भरून वर थोडी उरेल इतकी. सिंगापूर आणि मलेशियातील बाकक्वा हा डुकराच्या मांसाचा प्रकार तर मुळातच गोड असतो. तो सणासुदीचा खाऊ आहे आणि त्याच नात्याने खावा. पारंपरिक बिल्टाँग मात्र मीठ, व्हिनेगर, काळी मिरी आणि भरडलेले धणे यांवरच होते. काही जण त्यात थोडी तपकिरी साखर घालतात, तरी एकंदरीत त्यात साखर नगण्य असते. धण्यांच्या त्या ओळखीच्या वासामुळे मराठी जिभेला बिल्टाँग इतर प्रकारांपेक्षा लवकर आवडते, असे मला वाटते.

चरबीबाबत एवढे पाहावे की एकूण चरबी १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आत आहे की नाही. चरबी मांसाप्रमाणे वाळत नाही, हवेशी संयोग पावून ती खवट होते. म्हणून चांगला उत्पादक मुळातच कमी चरबीचा भाग निवडतो.

सहावी पायरी: घटकांची यादी वाचा

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव मांसाचे असावे आणि साखर, कॉर्न सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ते पाकीट ठेवून द्यावे. ब्रिटन-युरोपातील पाकिटांवर ‘१०० ग्रॅम उत्पादनासाठी इतके ग्रॅम मांस वापरले’ असे लिहिलेले असते. तो आकडा २०० च्या वर असेल तर मांस खरोखर वाळवलेले आहे, १२०-१३० असेल तर भर घालणारे पदार्थ बरेच आहेत, असे समजावे. ‘यंत्राने विलग केलेले मांस’, सोया प्रथिने, जिलेटिन हे शब्द अख्ख्या कापांच्या जर्कीत असण्याचे कारण नाही.

नायट्राइटविषयी बराच गोंधळ आहे. सोडियम नायट्राइट मांसाचा लालसर रंग टिकवते आणि बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंना रोखते. पण त्यापासून शरीरात आणि उष्णतेवर नायट्रोसमाइन ही घातक संयुगे तयार होऊ शकतात. ती कमी व्हावीत म्हणून उत्पादक सोबत सोडियम एरिथॉर्बेट किंवा क जीवनसत्त्व घालतात. ‘नायट्राइट घातलेले नाही’ असे लिहिलेल्या काही पाकिटांत सेलरीची भुकटी असते. सेलरीत नैसर्गिक नायट्रेट भरपूर असते आणि प्रक्रियेत त्याचेच नायट्राइट होते. मांसात पोहोचल्यावर दोन्ही नायट्राइटांत रासायनिक फरक नसतो. म्हणून अशा पाकिटाला जास्त किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

येथे कर्करोगाचा विषय टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. म्हणजे ते माणसात, विशेषतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते याचा पुरावा पुरेसा आहे, असा निष्कर्ष काढला. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाण्यामागे हा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज संस्थेने दिला. हे १८ टक्के सापेक्ष आहेत, म्हणजे मूळ धोका जितका असेल त्याच्या १८ टक्के. तंबाखूही त्याच गटात असली तरी त्यावरून दोन्हींचा धोका सारखा ठरत नाही, कारण हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. तरीही खारवणे, मुरवणे आणि धुरावणे या सर्वच प्रक्रिया त्या व्याख्येत येतात, त्यामुळे नायट्राइट नसलेले बिल्टाँगही त्यातून सुटत नाही. ‘रोज एक पाकीट’ ही सवय लावून घेऊ नये, या सल्ल्यामागचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

सातवी पायरी: सूक्ष्म पोषणद्रव्ये आणि जे नाही ते

बीफ जर्कीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५.४ मिलिग्रॅम लोह, ८ मिलिग्रॅम जस्त आणि १ मायक्रोग्रॅम बी-१२ जीवनसत्त्व असते. म्हणजे २८ ग्रॅमला दीड मिलिग्रॅम लोह आणि सव्वादोन मिलिग्रॅम जस्त मिळते. मांसातील हीम लोह शरीर १५ ते ३५ टक्के शोषून घेते, वनस्पतींतील लोहापेक्षा हे प्रमाण बरेच अधिक आहे, आणि सोबत खाल्लेल्या डाळीतील वा पालेभाजीतील लोहाचे शोषणही मांसामुळे सुधारते. हा खरा लाभ आहे. परंतु भारतीय स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्या गरजेपुढे दीड मिलिग्रॅम लोह अपुरे आहे आणि सोबत येणारे मीठ लक्षात घेता रक्तक्षयावरचा उपाय म्हणून हे पाकीट कोणी सुचवू नये.

मांस कोणत्या प्राण्याचे आहे यावरही हे आकडे बदलतात. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी असल्यामुळे येथे कोंबडीचे प्रकार अधिक पाहायला मिळतात. कोंबडीच्या छातीच्या मांसातील लोह बीफच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून अमेरिकी बीफ जर्कीचे आकडे वाचून भारतीय चिकन जर्कीकडून तीच अपेक्षा ठेवू नये. प्रथिने मात्र त्यातही तितकीच चांगली असतात.

तंतुमय पदार्थ आणि क जीवनसत्त्व या पदार्थांत जवळजवळ नसतात, कॅल्शियमही अत्यल्प असते आणि ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो.

आपल्याकडची वाळवण

मांस वाळवून ठेवणे महाराष्ट्राला नवे नाही. मराठवाड्यात आणि इतरत्रही दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब चिरफळ्या दोरीवर उन्हात वाळवून चान्या करत असत. एकदम हाती आलेले मांस साठवायला दुसरे साधन नव्हते आणि पुढचे मांस कधी मिळेल याची खात्रीही नव्हती. या चान्या निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ल्या जात. पोषणाच्या दृष्टीने हे ताट आजच्या पाकिटापेक्षा समतोल होते, कारण त्यात साखर आणि कृत्रिम चवी नव्हत्या, मांसाचा वाटा थोडा असे आणि तंतुमय पदार्थ व कर्बोदके भाकरीतून येत. ज्या अन्नाला दीर्घकाळ हीन लेखले गेले, त्याच पद्धतीचे अन्न आज चकचकीत पाकिटात महागड्या दराने विकले जाते, हे विसरता कामा नये.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हेच काम सुक्या मासळीने केले. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात आणि तो काट्यासकट खाल्ला जात असल्यामुळे जर्कीत नसलेले कॅल्शियम त्यातून भरपूर मिळते. मिठाचा प्रश्न खारवलेल्या मासळीलाही लागू होतो. फक्त तिथे ती पाण्यात भिजवून, धुऊन शिजवण्याची रीत आहे आणि त्या धुण्यात मिठाचा बराच भाग निघून जातो. पाकिटातून थेट तोंडात टाकायच्या जर्कीला ही सोय नाही.

आठवी पायरी: घरी करायचे असेल तर

घरी केल्याने मिठावर आणि साखरेवर ताबा राहतो, पण सुरक्षिततेचा नियम एकच आहे आणि त्यात तडजोड नाही. वाळवण्यापूर्वी मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडी ७४ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत शिजवून घ्यावी, तापमान मांसात खुपसायच्या थर्मामीटरने मोजावे आणि मगच ५५ ते ६० अंशांच्या यंत्रात वाळवावी. केवळ वाळवणी यंत्रावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण पाणी उडत असेपर्यंत मांसाचे स्वतःचे तापमान आतल्या हवेपेक्षा बरेच कमी राहते आणि एकदा कोरडे झालेले जिवाणू उष्णतेला अधिक दाद देत नाहीत. आपल्या दमट किनारपट्टीवर किंवा पावसाळ्यात उघड्यावर मांस वाळवू नये.

बिनहाडाचे, चरबी काढलेले एक किलो बोकडाचे मांस घ्या. अर्धवट गोठवले की त्याचे पाव इंचाहून कमी जाडीचे काप सहज करता येतात. त्यात सुमारे २०० ग्रॅम प्रथिने असतात. पूर्ण वाळल्यावर वजन ३८० ग्रॅमच्या आसपास भरले, तर १०० ग्रॅमला सुमारे ५३ ग्रॅम प्रथिने झाली. कोरडे मीठ १५ ग्रॅम चोळले असेल, तर मांसातील नैसर्गिक सोडियम धरून १०० ग्रॅमला सुमारे १,८०० मिलिग्रॅम सोडियम होते, म्हणजे दहा ग्रॅम प्रथिनांमागे ३४०. मीठ ८ ग्रॅमवर आणले तर हेच १,०५० च्या आसपास, म्हणजे दहा ग्रॅमांमागे २०० वर येते. काळी मिरी, भरडलेले धणे, लसूण आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांनी चवीची उणीव भरून निघते. मीठ कमी केले तर टिकाऊपणाही कमी होतो, म्हणून असे मांस हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. नीट वाळलेला काप वाकवल्यावर तडकतो, पण त्याचे दोन तुकडे होत नाहीत.

किती खावे, कशाबरोबर खावे आणि कोणी खाऊ नये

एका वेळी २५ ते ३० ग्रॅम आणि आठवड्यातून एक-दोन वेळा, हे प्रमाण निरोगी प्रौढासाठी मला योग्य वाटते. पाकिटातून थेट न खाता तेवढाच वाटा वाटीत काढून घ्यावा आणि पाकीट बंद करून ठेवावे. सोबत मूठभर भाजके हरभरे आणि एखादे पेरू किंवा संत्रे घेतले, तर मांसात नसलेले तंतुमय पदार्थ आणि क जीवनसत्त्व दोन्ही मिळतात, शिवाय हरभऱ्यातील लोहही अधिक शोषले जाते. त्या दिवशी लोणचे-पापड वगळावेत.

ट्रेकला नेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चढणीवर स्नायूंना मुख्यतः कर्बोदके लागतात, म्हणून जर्कीबरोबर चिक्की, खजूर किंवा गूळ-शेंगदाणे हवेतच. आणि खारट खाण्याने तहान वाढते, त्यामुळे वाटेत पाण्याची सोय नसलेल्या किल्ल्यावर ही पाकिटे अधिक पाण्याशिवाय नेऊ नयेत.

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खाऊ नयेत. युरिक आम्ल वाढलेल्या आणि संधिवाताचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तींनीही ते टाळावेत, कारण मांस सुकताना त्यातील प्युरिन, म्हणजे ज्यांपासून शरीरात युरिक आम्ल बनते ते घटकही एकवटतात. बिल्टाँग शिजवलेले नसते, त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी ते न खाणे बरे. लहान मुलांना हे चिवट तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो. शिवाय ब्रिटनच्या आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, आणि जर्कीच्या एका २८ ग्रॅमच्या वाढीतच सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असते.